टिपणीसबाई काम करताहेत

तोक्योच्या आमच्या कोतो भागातल्या मराठी मंडळींत शमाताईंबद्दल दोन मतं आहेत. एक, बाई वेडी आहे. दोन, बाई वेडी आहे आणि अनघाने तिला साथ दिली. ती अनघा मी. गणपतीच्या कार्यक्रमात मोदक वाढताना माझ्याकडे तिरकं बघणाऱ्या सगळ्यांना एकदाच काय ते सांगून टाकते, म्हणजे दर वर्षी तोंड वाजवायला नको.

शमा टिपणीस, वय सदुसष्ट, मूळच्या ठाण्याच्या. यजमान चंद्रहासराव बँकेत होते. तीन वर्षांच्या पोस्टिंगवर म्हणून तोक्योला आले आणि बघता बघता सव्वीस वर्षं झाली. बँकेतल्या इतरांच्या बायका फुलं रचायला शिकत होत्या, तेव्हा ह्या बाईने घरामागच्या गल्लीतल्या ताडपत्रीच्या कारखान्यात पार्टटाइम नोकरी धरली. दुकानांवरच्या कापडी झडपा, ट्रकची आच्छादनं, जत्रेचे मांडव, सगळं तिथे शिवलं जायचं. "टिपणीससाहेबांच्या मिसेस ताडपत्र्या शिवतात" अशी कुजबुज झाली. शमाताईंनी भर पार्टीत सांगितलं, "हो, शिवते. आणि चांगल्या शिवते." सोळा वर्षं शिवत होत्या. त्यांचा उजवा तळहात हातात घेऊन बघा, टाचेसारखा झालाय.

चार वर्षांपूर्वी चंद्रहासराव गेले. घर भाड्याचं, करार त्यांच्या नावावर. एजंटने कमरेत वाकून, अतिशय गोड आवाजात सांगितलं की एकट्या, वयस्क, परदेशी बाईंच्या नावावर करार करणं 'जरा कठीण' आहे. इथे जरा कठीण म्हणजे नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. शेवटी करार मुलाच्या नावावर झाला. मुलगा ऋषी, सेंदाईच्या विद्यापीठात संशोधक, पोरगा गुणी, पण बापाच्या माघारी आईचा हेडमास्तर झाला. "आई, सेंदाईला ये" हे एकच पालुपद. त्यात गेल्या वर्षी शमाताई न्हाणीघरात घसरल्या, मनगट दुखावलं, आणि ऋषीने किटली आणली.

ही किटली म्हणजे इथल्या म्हाताऱ्यांवर नजर ठेवायचं यंत्र. बटण दाबून गरम पाणी घेतलं की लगेच मुलाच्या फोनवर संदेश जातो, आई उठली, आईने चहा घेतला, आई जिवंत आहे. कल्पना चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण ती जपानी चहा पिणाऱ्यांसाठी. आपला चहा दूध घालून पातेल्यात उकळतो, त्याला किटली काय कामाची? पहिल्याच दिवशी शमाताईंनी पातेल्यातला चहा प्यायला आणि दहाच्या सुमाराला ऋषीचा जीव वरखाली झाला. तेव्हापासून त्या रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बटण दाबायच्या आणि ते पाणी बेसिनमध्ये ओतून द्यायच्या. त्याला त्या हजेरीचं पाणी म्हणायच्या. हसून सांगायच्या, पण एकदा हसता हसता म्हणाल्या, "किटली आल्यापासून त्याचे फोन कमी झालेत गं. पूर्वी रोज करायचा. आता पंधरवड्यातून एकदा." मला इतका राग आला की काय सांगू!

आता आफ्रिकेचं. कारखान्यातल्या त्यांच्या शेवटच्या वर्षी एका प्रदर्शनासाठी तंबू शिवायचं काम आलं होतं. आफ्रिकेतल्या ओकावांगो नावाच्या पाणथळ प्रदेशात पर्यटकांचे छोटे कॅम्प असतात, तिथल्यासारखा हुबेहूब तंबू हवा होता. नमुना म्हणून फोटो आले होते. चहूकडे पाणी, माणसाहून उंच लव्हाळी आणि मधल्या एवढ्याशा बेटावर पाच-सहा तंबू. शमाताईंनी तो तंबू शिवला आणि फोटो घरी आणला. "सोळा वर्षं तंबू शिवले, अनघा. एकाही तंबूत झोपले नाही." हे त्या तीन वर्षं म्हणत होत्या. गेल्या मे महिन्यात म्हणायच्या थांबल्या आणि थेट बुकिंगची चौकशी केली. पैसे त्यांचे स्वतःचे, शिवणकामातले.

ऋषीला सांगितलं तर तो उडालाच. मलेरिया, पाणघोडे, फोनला रेंज नाही, सदुसष्टावं वर्ष, सगळी यादी वाचून झाल्यावर त्याने शेवटचं अस्त्र काढलं. "आई, तू गेलीस तर मी घर सोडल्याची नोटीस देईन. करार माझ्या नावावर आहे. महिन्याभरात घर रिकामं होईल, मग सेंदाईला यावंच लागेल." मी तिथेच बसले होते, फोन स्पीकरवर होता. शमाताईंनी फक्त "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चलतेस का?"

"अहो शमाताई, घर जाईल!"

"त्याला कळलं तर ना."

तर अशी ती लबाडी ठरली. मी का गेले विचाराल, तर माझ्या घरात मी कुठे जाते ते कोणी विचारतच नाही, आणि ह्या बाईला विचारायला किटली ठेवलीय, ह्या दोन्हीचा मला सारखाच वीट आला होता. हजेरीचं पाणी काढायचं काम आम्ही प्रकाशवर सोपवलं. प्रकाश माझा नवरा, कावासाकीच्या ऑफिसात सॉफ्टवेअर इंजिनिअर. सकाळी सहा दहाला शमाताईंच्या घरी जायचं, बटण दाबायचं, यायचं. दोन इमारती पलीकडे घर. एवढंसं काम. त्याला मी तीनदा समजावलं, लिहूनही दिलं.

जुलैत निघालो. शेवटचा टप्पा माउन गावाहून सहा माणसांच्या विमानाचा. त्यात कडक बॅग चालत नाही, म्हणून शमाताईंनी दोघींना कॅनव्हासच्या पिशव्या शिवल्या होत्या. त्यांच्या पिशवीत कपडे कमी आणि दाभण, मेणाचा दोरा, तळहाताला बांधायची चामड्याची पट्टी हा संसार जास्त. "कशाला हो हे?" म्हटलं तर म्हणाल्या, "तू पर्समध्ये लिपस्टिक ठेवतेसच ना?"

कॅम्पवर उतरताच मॅनेजरबाईने फॉर्म दिले. संकटात कोणाला कळवायचं, ह्या ओळीत शमाताईंनी माझं नाव लिहिलं, मी त्यांचं. मॅनेजरबाईने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि कपाळाला हात लावला. "तुम्ही दोघी एकाच तंबूत आहात!" शमाताई म्हणाल्या, "मग तर शोधायलाच नको."

तिथली गंमत अशी की पाऊस औषधालाही नाही आणि पाणी रोज बोटभर चढतंय. दूर कुठेतरी महिन्यांपूर्वी पडलेला पाऊस नदीतून चालत चालत आता पोचत होता. आमचा वाटाड्या मोलेफी सकाळी लाकडी होडीतून न्यायचा, उभा राहून बांबूने ढकलायचा. पाणी इतकं नितळ की तळाचं गवत दिसे. पाणघोडे हुंकार द्यायचे, तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळायचं आणि शमाताई विचारायच्या, "तो डावीकडचा म्हातारा आहे का रे?" अंधार पडला की वाटाड्याशिवाय तंबूबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा तिथला नियम. शमाताई, ज्यांनी आयुष्यात मुलाचं ऐकलं नाही, मोलेफीचं मुकाट ऐकायच्या. मी टोमणा मारला तर म्हणाल्या, "त्याला हत्ती कळतात. ऋषीला माझ्यातलं काय कळतं?"

पहिल्या दिवशी तंबूत शिरल्यावर त्यांनी पलंग पाहिला नाही, बाहेरचं पाणी पाहिलं नाही. शिवणी पाहिल्या. कोपऱ्यांवरून बोट फिरवत सगळा तंबू फिरल्या, मग पलंगावर आडव्या पडल्या आणि छताकडे बघत मुसमुसून रडल्या. नंतर नाक पुसून म्हणाल्या, "दुहेरी टीप आहे. बरी घातलीय."

तिसऱ्या दिवशी भर दुपारी ते घडलं. शमाताई तंबूमागच्या आडोशात अंघोळ करत होत्या. तिथे बादली वर टांगलेली असते, दोर ओढला की पाणी. वर उघडं आकाश. मी जेवणाच्या मोठ्या तंबूत होते. तेवढ्यात एक हत्ती चालत आला आणि शमाताईंच्या आडोशाला लागून असलेलं ताडाचं झाड डोक्याने हलवायला लागला. फळं धपाधप पडायला लागली. मी ओरडणार, तोच मोलेफीने माझा खांदा घट्ट धरला. हालायचं नाही, बोलायचं नाही. हत्ती एकेक फळ उचलून सावकाश खात होता. त्याच्यात आणि साबण लावलेल्या शमाताईंत एक वेताचा पडदा. चाळीस मिनिटं! मला आठवतील तेवढ्या सगळ्या देवांना मी हाक मारली.

पोट भरल्यावर स्वारी जेवणाच्या तंबूकडे वळली. आम्ही सगळे मागच्या मागे गाडीआड झालो. हत्तीच्या मनात वाईट नव्हतं, तो आपल्या वाटेने निघाला होता, पण तंबूचा ताणलेला दोर त्याच्या पायात आला. तो तसाच पुढे चालत राहिला आणि छताची शिवण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टर्रकन उसवली. वर कापडही फाटलं.

शमाताई टॉवेल गुंडाळून बाहेर आल्या. केसांत साबण वाळून पांढरा झाला होता. मी धावत जाऊन मिठी मारली, रडायलाच लागले. त्या मात्र लख्ख हसत होत्या. "अनघा, चार वर्षांत पहिल्यांदा असं झालं बघ. मी कुठे आहे, काय करतेय, हे कोणालाच माहीत नव्हतं. फक्त त्या हत्तीला." मग नजर छताकडे गेली आणि हसू मावळलं. "ही शिवण कोणी घातली होती? एकेरी टीप! मोठ्या तंबूला एकेरी टीप घालतात का?"

मॅनेजरबाई हवालदिल झाली होती. दोन दिवसांनी आठ पाहुणे येणार, नवं कापड माउनहून यायला दहा दिवस. शमाताईंनी केस धुतले, तळहाताला पट्टी बांधली आणि विचारलं, "शिडी आहे का?" मोलेफी आणि आणखी दोघांनी छत उतरवून जमिनीवर पसरलं. जुन्या तंबूच्या कापडाची ठिगळं कापली. दुपारी तीनला बाईने पहिला टाका घातला.

आणि नेमकं त्याच दिवशी इकडे जपानमध्ये प्रकाशने दिवे लावले.

तीन दिवस तो रोज सकाळी गेला. चौथ्या दिवशी त्याच्या डोक्यात आलं, रोज कशाला जायचं? किटलीच घरी आणू! आपल्या ओट्यावर ठेवून पायजम्यात बटण दाबू. इंजिनिअर माणूस ना, शॉर्टकट सुचल्याशिवाय झोप कशी लागणार? ऑफिसातून येताना त्याने किटलीची वायर काढली, बगलेत मारली आणि घरी निघाला. वायर काढल्याबरोबर ऋषीच्या फोनवर इशारा गेला, किटली बंद पडली आहे. ऋषीने आईला फोन केला, लागला नाही. पुन्हा केला, लागला नाही. पोरगा प्रयोगशाळेचा कोट घातलेला तसाच शिंकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये बसला आणि दोन-अडीच तासांत आईच्या दारात. आत फ्रिज रिकामा, गॅसचा खटका बंद, किटली गायब. मग आमच्या घरी. दार प्रकाशने उघडलं आणि मागे ओट्यावर किटली. भांडं फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कॅम्पच्या रेडिओवर माउनच्या ऑफिसचा निरोप आला. रेडिओ सगळ्यांच्या देखत वाजतो, तिथे खाजगी काही नसतं. मॅनेजरबाईने निरोप लिहून घेतला आणि शमाताईंजवळ येऊन संकोचत वाचला. मुलाला सगळं कळलंय. आज दुपारच्या विमानाने निघून परत या. नाही निघालात तर तो आजच घर सोडल्याची नोटीस भरेल. दोनच्या विमानात दोन जागा आहेत.

शमाताई जमिनीवर पसरलेल्या छतावर मांडी घालून बसल्या होत्या. दाभण कापडात अर्धं रुतलेलं. त्यांनी ते ओढून काढलं, दोरा ताणला, पुढचा टाका घातला.

मी त्यांच्यासमोर बसले. "शमाताई, निघूया. तीन रात्री राहिलो ना आपण? घरापुढे एक रात्र काय मोठी!"

"निम्मी शिवण राहिलीय."

"मरू दे ती शिवण! मोलेफी करेल, काल तुम्ही टाका शिकवलाय त्याला!"

त्यांनी हात थांबवला. "एकाची शिवण दुसऱ्याने पुढे न्यायची नाही, अनघा. हाताचा ताण वेगळा पडतो. वरून दिसत नाही, पण पहिल्या वाऱ्यात बरोब्बर तिथूनच उसवतं. सोळा वर्षांत एकदाही मी अर्धी शिवण टाकून उठलेली नाही. ह्यांना बरं नाही असा फोन आला त्या दिवशीसुद्धा, हातातलं आवरून मग रजा मागितली मी."

"आणि घर?"

त्यांनी दाभण कापडात टोचून ठेवलं. मग आवाज फाटला. "मला नको झालंय का घर? सव्वीस वर्षं राहिलेय त्या घरात. कुठल्या खिडकीत किती वाजता ऊन येतं ते पाठ आहे मला. पण आज धावत गेले ना, तर घर राहील आणि मी नाही राहणार. तुला जायचं तर जा. मी रागावणार नाही, खरंच."

मला त्या क्षणी त्यांचा अस्सा संताप आला होता! हट्टी, दुराग्रही बाई! पण मी गेले नाही. मी दोऱ्याला मेण लावायला घेतलं.

मॅनेजरबाई ताटकळत उभीच होती. "मुलाला काय सांगू?"

"सांगा, टिपणीसबाई काम करताहेत. ठरल्या दिवशी येतील."

तो निरोप रेडिओवरून माउनला, माउनहून तोक्योला गेला. मोलेफीने आपला चहाचा कप शमाताईंपुढे ठेवला आणि शिवण धरायला बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत छत वर चढलं. चार माणसांनी दोर ओढले तेव्हा शमाताई खाली उभ्या राहून वर बघत होत्या, आणि शिवण तसूभर हलली नाही. मॅनेजरबाई टाळ्या वाजवायला लागली. शमाताई म्हणाल्या, "टाळ्या पावसाळ्यानंतर वाजवा."

परतीच्या विमानात मात्र माझा हात धरून बसल्या होत्या, तो जोहान्सबर्गपासून तोक्योपर्यंत सोडला नाही. मी एकदा म्हटलं, "एखादं दुसरं घर बघू आपण." तर म्हणाल्या, "माझ्या नावावर कोण देणार? पण बघू."

शमाताईंच्या घरी पोचलो तर जेवणाच्या टेबलाशी ऋषी बसलेला. समोर नोटिशीचा कागद, भरलेला, शिक्का मारलेला, फक्त टपालात टाकायचा बाकी. कोपऱ्यात प्रकाश, शिक्षा झालेल्या पोरासारखा. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून स्वयंपाकघरात गेला.

ऋषीचे डोळे लाल होते. आवाज चढवायचा त्याने प्रयत्न केला, पण जमलं नाही. "आई, तुला तिथे काही झालं असतं तर मला कळलं तरी असतं का?"

"नसतं कळलं."

"इतकं सहज म्हणतेस! अनघाताई, तुम्ही तरी..."

"तिला मध्ये घेऊ नकोस. माझ्याशी बोल," शमाताई म्हणाल्या. खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती. त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. "दे टपालात. घर तुझ्या नावावर आहे, तुझा हक्क आहे. मी अडवणार नाही आणि रडणारही नाही. पण सेंदाईला येणार नाही. मला कोणी एक खोली देईल, नाही तर दहा जण नाही म्हणतील आणि अकरावा देईल. मी शोधीन."

"पण का? मी काय तुझा शत्रू आहे?" आणि मग तो पोरगा फुटला. इतका मोठा चाळिशीला आलेला माणूस, टेबलावर डोकं टेकून रडायला लागला. "बाबांच्या वेळी मी नव्हतो, आई. मी प्रयोग करत बसलो होतो. तुझे सहा मिस्ड कॉल होते आणि फोन लॉकरमध्ये होता. पुन्हा तसं नाही होऊ देणार मी. म्हणून ती किटली. म्हणून सगळं."

मला वाटलं आता शमाताई विरघळणार, आता त्याला पोटाशी धरून हो म्हणणार. कुठलीही आई म्हणाली असती.

त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तो ताडपत्रीचा खरखरीत हात. "ऋषी, इकडे बघ. बाबांच्या वेळी मी होते. शेजारच्या खोलीत होते, दार उघडं होतं. भात लावत होते. मी होते, तरी गेले ते."

ऋषीने डोकं वर केलं. हे त्या कधीच कोणाला बोलल्या नव्हत्या. मलाही नाही.

"तू असतास तरी गेले असते. तुझी चूक नव्हती, माझीही नव्हती. पण तू चार वर्षं माझ्यावर पहारा ठेवून तो दिवस परत आणायला बघतोयस. तो नाही यायचा रे, बाळा. त्यापायी माझे उरलेले दिवस नको घेऊस."

ऋषीने बाहीने डोळे पुसले, नोटीस उचलली, मधोमध फाडली, आणि तुकडे इथल्या वेगवेगळ्या कचऱ्यांपैकी कुठल्यात टाकायचे हे न कळून खिशात घातले. मग अगदी लहान आवाजात म्हणाला, "पुढच्या वेळी विचारून तरी जा."

"सांगून जाईन," शमाताई म्हणाल्या. "विचारणार नाही."